कुणाची मगर

विश्वामित्रीचं पाणी ओसरलं, आणि तिसऱ्या दिवशी
बालवाडीच्या घसरगुंडीखाली मगर.
लहानच, पाचेक फुटी. चिखलाच्याच रंगाची.
डोळे उघडे. हलत नव्हती.
मी दाराला आतून कडी घातली, फोन लावला,
तोवर बावीस मुलं खिडकीच्या गजांना
गुळाला मुंगळे तशी चिकटलेली.

"मारायची नाही हां, बेन," जीनल गढवी म्हणाली,
"खोडियार माची गाडी आहे ती."
गाडी म्हणाली.
तिच्या घरी मा मगरीवर बसून येते, घाईघाईत,
भावाला साप चावलाय म्हणून,
पाय लचकलेला, तरी येते.
जीनलचं पोट दुखलं की ती तिलाच सांगते.
लंगडणारीला दुखणं कळतं.

सुयोग मोहिते बाकाखाली.
त्याच्या गोष्टीत हत्तीचा पाय धरलेला आहे
आणि देव अजून वाटेत आहे.
दरवेळी विचारतो, किती वेळ लागला त्याला?
मी सांगते, लगेच आला रे.
(हजार वर्षं लागतात. ती मी गिळते.)

मुनीरा आणि एल्विन परमारचं भांडण झालं.
तिचा यूनुस, त्याचा योना. मासा एकच.
पोटात नक्की कोण गेलं, यावरून
एल्विनने तिचा खोडरबर भिरकावला.
मग दोघं बराच वेळ, आत कसं असेल, तेच बोलत बसली:
काळोख, ओलं, वास.
"पण ऐकू जातं," मुनीरा म्हणाली, "आतून बोललं तरी
वर ऐकू जातं. बावाजींनी सांगितलंय."

माझे वडील प्रतापनगरला, रेल्वेच्या कचेरीत हिशेबनीस.
त्यांच्या गोष्टींतल्या देवाकडे वही होती,
लाल शाई, कानावर टाक.
साखरेचा डबा उघडलास, नोंद. खोटं बोललीस, नोंद.
आता अठ्ठावन्न संपली मला. अजूनही
प्रसादातला जास्तीचा पेढा उचलताना
मी आधी पंख्याकडे बघते.
म्हणून या खोलीत तीस वर्षं
गोष्ट सांगते ती जीभ चाचपत:
कुणाच्या आत कुठला देव बसवतेय मी?
चार वर्षांच्या पोरात जागा फार असते,
आणि एकदा बसलेला सहजी उठत नाही.

दुपारी जाळीची गाडी आली. दोन तरणी पोरं, दोरी,
डोळ्यांवर टाकायला ओलं गोणपाट.
जबड्याला चिकटपट्टी गुंडाळली, सहा वेढे.
मुलांनी टाळ्या वाजवल्या.

रायसिंग वसावाने नाही वाजवल्या.
आईबाप पुलाच्या कामावर, डेडियापाड्याकडचे.
जूनपासून वर्गात एक शब्द नाही;
त्याच्या नावापुढे मी 'लाजाळू' लिहून ठेवलंय.
तो खिडकीशी गेला. खिशातलं अर्धं बिस्किट
गजांतून खाली टाकलं. हात जोडले.
मग माझ्याकडे वळून, गुजरातीत, अगदी स्पष्ट:
"देवाचं तोंड का बांधलं?"

तीस वर्षं. आणि माझ्याकडे गोष्ट नव्हती.
म्हटलं, तू सांग.
तो सांगू लागला, पण त्याच्या घरच्या भाषेत.
खांबावर लाकडाची मगर, तांदूळ, कोंबडी,
शेंदूर असावा बहुतेक; पुढचं मला कळलं नाही.
जीनलला थोडं कळलं, ती मान हलवत होती.
सुयोग बाकाखालून बाहेर आला, कमरेपर्यंत.
फाटकाशी रिक्षावाला हॉर्न मारून मारून थकला
आणि उतरून आत येऊन, चपला काढून,
दारात उभा राहिला.

सगळी गेल्यावर मी हजेरीची वही उघडली.
'लाजाळू' खोडलं.
त्याजागी काय लिहायचं ते सुचेना.
लाल पेन हातात होतं, टोपण लावून ठेवून दिलं.
जागा तशीच आहे.